वाईच्या गुरुजींना, टाइप करूनच

गेल्या महिन्यात मी इथे लिहिलं होतं की रोजच्या व्यवहारात हाताने लिहिण्यापेक्षा टायपिंग बरं पडतं, आणि दहा बोटांनी टाइप करणं, त्यातही मराठी इनस्क्रिप्टवर (म्हणजे भारतीय भाषांसाठी सरकारने ठरवलेल्या कीबोर्डच्या मांडणीवर), प्रत्येकाने शिकून घ्यावं. त्यावर वाईच्या एका निवृत्त गुरुजींची प्रतिक्रिया आली. आली म्हणजे फोटो आला. फुलस्केप कागदावर निळ्या शाईने लिहिलेली दीड पानं, बहुतेक नातवाने फोटो काढून चिकटवली असावीत. 'नाव छापू नये' असं वरच्या कोपऱ्यात लिहिलंय, म्हणून छापत नाही.

अक्षर देखणं आहे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर जळतो म्हणाल. वेलांट्या एका मापाच्या, ओळ कुठे चढत नाही की उतरत नाही, आणि 'ळ' तर असा की कापून भिंतीवर लावावा. शेवटी 'अभ्यास वाढवा' असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्यात.

ज्यांनी फोटो मोठा करून वाचला नसेल त्यांच्यासाठी: हाताने लिहिलेलं डोक्यात उतरतं, टाइप केलेलं उतरत नाही, आणि हे नॉर्वेत सिद्ध झालंय, असं गुरुजी म्हणतात. समर्थांनी अक्षरावर अख्खा समास लिहिला तो उगाच नव्हे. लहान पोरांच्या हातात पाटी-पेन्सिलच हवी. क्वर्टीबद्दल, म्हणजे इंग्रजी कीबोर्डवरच्या अक्षरांच्या नेहमीच्या मांडणीबद्दल, मी ऐकीव थाप मारली. साताऱ्याच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या रजिस्टरात बाबासाहेबांची बालपणीची सही आहे, ती टाइप केलेली असती तर कुणी बघायला गेलं असतं का, असाही एक सवाल आहे. आणि मग हे वाक्य, जसंच्या तसं: 'ज्याला अक्षर साधलं नाही तोच यंत्राआड लपतो, आणि वर त्याला प्रगती म्हणतो.'

गुरुजी, बाकी सगळं ठीक. 'लपतो' म्हणजे काय?

मी डावखुरा आहे. हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही, पण माहीत नसताना माणसाला लपतो म्हणू नये, एवढं तरी शिक्षकाला कळायला हवं. पहिलीत पेन्सिल डाव्या हातात धरली म्हणून त्याच हातावर पट्टी बसायची. घरी आजी म्हणायची, डाव्या हाताने सरस्वतीला शिवू नये. चौथीपर्यंत उजव्या हाताने लिहायला लागलो, आणि जे उतरायचं त्याला वर्गात 'कोंबडीचे पाय' असं नाव पडलं. ते पोरांनी नाही ठेवलं, आमच्या गुरुजींनी ठेवलं. शुद्धलेखनाची वही उंच धरून अख्ख्या वर्गाला दाखवली होती. मागच्या भिंतीवर 'सुंदर अक्षर हाच खरा दागिना' लिहिलेलं होतं. तुमच्याही शाळेत असणार. रोज दहा ओळी पुस्ती काढली, दुरेघी झाली, चौरेघी झाली. बोरूसुद्धा झाला. दहावीच्या पेपरात मला उत्तरं येत होती, तपासणाऱ्याला ती वाचता आली की नाही हे देव जाणे. मराठीत काठावर निघालो.

1987 साली साताऱ्यात टायपिंगच्या क्लासला घातलं. सकाळी सहाची बॅच. डिसेंबरात बोटं इतकी गारठलेली असायची की पहिली पाच मिनिटं हात काखेत धरून बसायचो. आठ-नऊ मशिनं, बहुतेक गोदरेजची, एक जुनी रेमिंग्टन तिची कळ दाबली की वर यायला विसरायची. मास्तर हातांवर पुठ्ठा धरायचे, कळांकडे बघायचं नाही म्हणून. पहिला पंधरवडा मधल्या ओळीच्या बाहेर बोट न्यायचं नाही. करंगळीत जोर नसतो, म्हणून तिचं अक्षर पुसट उठायचं, आणि मास्तर कागद उजेडाला धरून लांबूनच सांगायचे, 'करंगळी झोपली तुझी.' कळांच्या मधल्या फटीत बोट गेलं की नखाशी सोलून निघायचं.

यात लपायला जागा कुठे आहे, सांगा बघू. चुकलं की कागदावर तसंच राहायचं. आणि त्या मास्तरांनी तिसऱ्या दिवशी मला विचारलं, 'डावरा का रं तू? बरं हाय, डावा हात इथं उपाशी ऱ्हात न्हाय.' तोवर माझ्या डाव्या हाताला कुणी बरं म्हटलं नव्हतं. मराठी 30 ची परीक्षा पहिल्या झटक्यात पास झालो, सहा महिन्यांनी 40 ची. मिनिटाला चाळीस शब्द, आणि ते कुणालाही वाचता येतील असे. तेव्हा मला अठरावं लागलेलं होतं.

पुढे दोन वर्षं कोर्टाबाहेर एका टंकलेखकाच्या टेबलाला टेबल लावून बसलो. वर ताडपत्री, खाली विटेवर तोललेलं स्टूल. एक म्हातारबुवा आले, कोयना धरणात गाव गेलेले. जमिनीच्या बदल्यात जमीन मागणारा अर्ज त्यांच्या पोराने हाताने लिहिला होता, आणि एका कचेरीने 'वाचता येत नाही' म्हणून परत केलेला. मी तोच मजकूर टाइप करून दिला, मध्ये कार्बन घालून तीन प्रती. एक शब्द बदलला नाही. अर्ज घेतला गेला. जमीन मिळाली का, ते मला नंतर कळलं नाही. पण त्या पोराचं अक्षर माझ्यासारखंच होतं, गुरुजी, आणि त्याच्या बापाला त्या दिवशी तुमच्या वळणदार 'ळ'चा काही उपयोग नव्हता.

जरा तिखट झालं. असू दे.

आता तुमचं नॉर्वे. ट्रॉनहाइमच्या विद्यापीठातला तो प्रयोग 2024 च्या जानेवारीत गाजला, आणि व्हॉट्सअॅपवर मलाही चार जणांनी पाठवला होता. मी मूळ निबंध काढून वाचला. 36 विद्यार्थी, डोक्यावर 256 सेन्सरची जाळी. समोर शब्द दिसला की कधी तो डिजिटल पेनने वळणदार लिहायचा, कधी टाइप करायचा. हाताने लिहिताना मेंदूच्या वेगवेगळ्या भागांतली देवाणघेवाण जास्त दिसली, हे खरं. पण टाइप कसं करायचं होतं? फक्त उजव्या हाताच्या तर्जनीने. एका बोटाने! माझा अख्खा लेख दहा बोटांवर होता. आमच्या मास्तरांनी एका बोटाने ठोकणाऱ्याला क्लासमधून बाहेर काढलं असतं. आणि त्या पोरांना नंतर शब्द किती आठवले, हे त्या प्रयोगात मोजलेलंच नाही. 'डोक्यात उतरतं' हे तुम्ही स्वतःच्या पदरचं जोडलंत.

उद्या तुम्ही अमेरिकेतला 2014 चा प्रयोगही काढाल, लॅपटॉपवर टिपणं घेणारे मागे पडतात असं सांगणारा. तो 2021 मध्ये पुन्हा करून बघितला गेला. लॅपटॉपवाले शब्दन् शब्द उतरवतात हे तेव्हाही दिसलं, मार्कांत मात्र फरक पडला नाही. अभ्यास वाढवा म्हणालात म्हणून सांगितलं.

आणि समर्थ! साताऱ्याच्या माणसाला दासबोध ऐकवायचा म्हणजे तो वाचला नसेल असं धरून चालायचं. 19 व्या दशकातला पहिला समास, लेखनक्रियानिरूपण. एका मंडळाच्या पुस्तिकेसाठी मी तो टाइप केलाय, दोनदा तपासलाय. त्यात समर्थ काय सांगतात? अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं असावं. कागदाच्या कडेने जागा सोडावी, म्हणजे कागद झिजला तरी अक्षराला धक्का लागत नाही. आणि पहिलं अक्षर जसं काढलं तसंच ग्रंथ संपेपर्यंत जावं, सगळं एका टाकाने लिहिल्यासारखं वाटावं. आता हे मशीनवर किती सहज होतं बघा. समास सोडायला तर टाइपरायटरला दोन्ही बाजूंना खिट्टीच होती. अक्षर बघताच चतुर माणसाचं समाधान व्हावं, असं समर्थांना हवं होतं. माझं हस्ताक्षर बघून चतुर सोडाच, आमच्या आळीतला किराणावालाही समाधान पावत नाही. परवा यादीतल्या 'तीळ'ऐवजी त्याने 'नीळ' बांधून दिली.

ओढूनताणून आणलंय म्हणाल. थोडं आणलंय. पण सुरुवात तुम्ही केलीत.

क्वर्टीची चूक मात्र माझी. टायपिस्ट फार जोरात चालू नये म्हणून अक्षरं मुद्दाम विस्कटली, असं मी लिहिलं होतं. क्लासमध्ये ऐकलं होतं तेच लिहिलं. टाइपरायटर बनवणाऱ्या शोल्सने पहिलं पेटंट 1868 मध्ये घेतलं, 1874 च्या सुमाराला रेमिंग्टनने मशीन बाजारात आणलं, आणि मधल्या काळात ती मांडणी बऱ्याच वेळा बदलली. हात संथ करण्यासाठी ती केली, याला धड पुरावा नाही. ते वाक्य मी काढलंय. तुम्ही बरोबर. पण त्याला 'थाप' म्हणायची गरज नव्हती, 'चूक' हा शब्द मराठीत आहे.

इनस्क्रिप्ट आठ दिवसांत येतं या माझ्या वाक्याला तुम्ही कंसात उद्गारचिन्ह टाकलंत. आठ दिवसांत कळा कुठे आहेत ते कळतं, वेग यायला दोन-तीन महिने लागतात, हे मी स्पष्ट लिहायला हवं होतं. टाइपरायटरवरून आलेल्याला तर आधी जुनं विसरावं लागतं. तिथे 'कि' काढताना आधी वेलांटी मारायची आणि मग क, इथे आधी क. माझी करंगळी वर्षभर चुकत होती. पण त्या मांडणीत एक गोष्ट आहे जी मी मूळ लेखात लिहिली नाही, कारण ती फार खासगी वाटली. इनस्क्रिप्टमध्ये व्यंजनं बरीचशी उजव्या हाताला, आणि काना, मात्रा, वेलांटी, उकार हे सगळं डाव्या हाताला. पट्टी बसायची त्याच हाताला. उजव्याने क काढावा आणि डाव्याने त्याला 'का', 'की', 'कू' करावं. सरकारी बाबूंनी ते माझ्यासाठी केलेलं नाही, उच्चाराच्या सोयीने केलं. तरी पहिल्यांदा 'काका' असं टाइप झालं तेव्हा मी खुर्चीतून उठून बाहेर जाऊन चहा घेऊन आलो.

राहिली लहान पोरं. ती पाटीवर गिरवू देत, मी नको कुठे म्हटलं? मूळ लेखात 'शाळेपासूनच' असा एक शब्द आहे, त्यावरून तुम्ही अर्धं पान लिहिलंत. तो विषय वेगळा, कधीतरी सवडीने. बाबासाहेबांच्या सहीबद्दल वाद घालायचा नाही. 7 नोव्हेंबर 1900 ची ती नोंद मी पाहिली आहे, आणि सही हातानेच करायची असते. मीही हातानेच करतो. दुधाचा हिशोबही कॅलेंडरवर हातानेच लिहितो, बायकोला माझं अक्षर लागत नाही म्हणून ती वेगळा लिहिते.

'उत्तर द्यायची हिंमत असेल तर हाताने लिहून द्या' असंही तुम्ही म्हटलंय. खरं सांगतो, सुरुवात केली होती. तीन ओळी झाल्यावर माझ्याच मला वाचता येईनात, म्हणून हे टाइप केलं. आणि तुमचं पान इतरांना वाचायला बरं जावं म्हणून तेही पूर्ण टाइप करून खाली जोडलंय, अनुस्वारसुद्धा न बदलता. सव्वा तास गेला, कारण फोटोत एका बाजूला अंगठ्याची सावली आहे. टाइप करता करता प्रत्येक शब्द मोठा करून बघावा लागला. 'अभ्यास वाढवा'खालच्या त्या दोन रेघांतली दुसरी तिरकी गेली आहे.