सॉफ्टवेअर रॅम पाहत नाही, नोंदी वाचतं

रॅम वाढवायची म्हटलं की हल्ली एक सल्ला हमखास पुढे येतो. थोडक्यात तो असा: संगणक उघडायची काही गरज नाही. सीपीयू-झेड (संगणकाच्या भागांची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम) किंवा विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडा, दिसेल ते लिहून घ्या आणि तशीच रॅम आणा. वेग निम्मा दिसला तर दुकानदारानं फसवलं समजा. दोनपैकी एकच स्लॉट (रॅमची पट्टी बसवायची जागा) वापरात दिसला तर दुसरा रिकामा आहे. चॅनेलपुढे ‘ड्युअल’ दिसलं तर दोन पट्ट्या आहेत. आणि बसवलेल्यापेक्षा मेमरी कमी दिसत असेल तर एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘मॅक्सिमम मेमरी’वर टिक करा, अडकलेली मेमरी सुटेल.

ही साधनं चांगली आहेत आणि फुकट आहेत. खरेदीपूर्वी ती वापरलीच पाहिजेत. पण या सल्ल्यातला जवळजवळ प्रत्येक निष्कर्ष चुकीचा आहे, आणि त्यापायी लोक न बसणारी रॅम घेऊन येतात किंवा चांगली रॅम परत करायला दुकानात भांडतात.

‘सॉफ्टवेअर सगळं सांगतं’

सॉफ्टवेअर रॅमकडे पाहत नाही. कुणीतरी आधी लिहून ठेवलेल्या नोंदी ते वाचतं. या नोंदी दोन ठिकाणी असतात.

पहिली रॅमच्या पट्टीवरच असते. पट्टीवर मेमरीच्या मोठ्या काळ्या चिपांखेरीज एक बारीकशी चिप असते, तिच्यात एसपीडी नावाची माहिती कारखान्यातच भरलेली असते: क्षमता, कोणत्या वेगाला कोणती टायमिंग (उत्तर द्यायला लागणारे ठोके), किती व्होल्ट, निर्माता, पार्ट नंबर, बऱ्याचदा उत्पादनाचं वर्ष आणि आठवडा. डीडीआर३ या पिढीच्या रॅममध्ये ही नोंद २५६ बाइटची, त्यानंतरच्या डीडीआर४ मध्ये ५१२ आणि डीडीआर५ मध्ये १०२४ बाइटची. सीपीयू-झेडचा ‘एसपीडी’ टॅब हीच नोंद वाचतो. लिनक्सवर हे काम डीकोड-डिम्स करतं.

दुसरी नोंद बायोस (संगणक सुरू करणारा, मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) करतो. संगणक सुरू होताना तो एक तक्ता मांडतो, त्याचं नाव एसएमबायोस. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये गेट-सिमइन्स्टन्स या आज्ञेनं विन३२_फिजिकलमेमरी मागवलं की याच तक्त्यातली उत्तरं मिळतात. लिनक्सवर सुडो लावून डीएमआयडीकोड चालवलं आणि टाइप १७ मागितला की तीच मिळतात. (जुन्या लेखांत डब्ल्यूएमआयसीची आज्ञा दिलेली असते. नव्या विंडोज ११ मध्ये ते आपोआप बसवलेलं नसतं, म्हणून पॉवरशेलच वापरा.) हा तक्ता मदरबोर्डच्या कंपनीनं जसा लिहिला तसाच दिसतो. काही रकान्यांत कंपनी काहीही भरत नाही, काहींत दुसऱ्याच मॉडेलची माहिती तशीच राहून जाते. डीएमआयडीकोडच्या माहितीपानावरच सावध केलेलं आहे की या तक्त्यातली माहिती अनेकदा अपुरी किंवा चुकीची असते.

म्हणून कोणताही आकडा दिसला की तो कोणत्या नोंदीतून आला, हे आधी पाहावं. दोन्ही नोंदी जुळल्या तर त्यावर बऱ्यापैकी विसंबता येतं. जुळल्या नाहीत तर पट्टीच्या ओळखीसाठी एसपीडी जास्त भरवशाची. मात्र तीही पुन्हा लिहिता येते, म्हणून जुन्या बाजारातली पट्टी घेताना तिच्यावरचं लेबल आणि एसपीडी ताडून पाहाच.

पॉवरशेलचं उत्तर वाचताना काही गोष्टी हाताशी असू द्या. ‘एसएमबायोसमेमरीटाइप’ २४ म्हणजे डीडीआर३, २६ म्हणजे डीडीआर४, ३४ म्हणजे डीडीआर५. शेजारी नुसता ‘मेमरीटाइप’ असाही रकाना असतो आणि तिथे डीडीआर४ असली तरी बहुधा शून्य दिसतो. तो शून्य पाहून रॅम बनावट ठरवू नका, तो रकाना जुना झालेला आहे. ‘फॉर्मफॅक्टर’ ८ म्हणजे डेस्कटॉपची लांब पट्टी, १२ म्हणजे लॅपटॉपची आखूड. निर्मात्याच्या जागी नावाऐवजी नुसता संकेतांक आला तर ८०सीई सॅमसंग, ८०एडी हायनिक्स आणि ८०२सी मायक्रॉन.

सगळ्यांत कामाचा रकाना पार्ट नंबरचा. सॅमसंगच्या डीडीआर३-डीडीआर४ पट्ट्यांत एम४७१ ही लॅपटॉपची आणि एम३७८ ही डेस्कटॉपची. पुढचं अक्षर बी असेल तर डीडीआर३, ए असेल तर डीडीआर४. डीडीआर४च्या पार्ट नंबरची शेवटची तीन अक्षरं वेग सांगतात: सीआरसी २४००, सीटीडी २६६६, सीडब्ल्यूई ३२००. हायनिक्समध्ये सुरुवात एचएमटी असेल तर डीडीआर३, एचएमए असेल तर डीडीआर४, एचएमसी असेल तर डीडीआर५. दुकानात ‘आठ जीबी डीडीआर४’ एवढंच सांगण्यापेक्षा हा नंबर दाखवा.

‘निम्मा वेग दिसला म्हणजे फसवणूक’

सर्वाधिक भांडणं याच मुद्द्यावर होतात, आणि बहुतेक वेळा दुकानदाराची काही चूक नसते.

डीडीआर या नावातला पहिला डी ‘डबल’चा आहे. घड्याळाच्या एका ठोक्याला माहिती दोनदा सरकते, एकदा चढत्या कडेला आणि एकदा उतरत्या. सीपीयू-झेड ‘डीरॅम फ्रीक्वेन्सी’मध्ये घड्याळाचे ठोके दाखवतो, तर पट्टीवर माहितीची देवघेव छापलेली असते. म्हणून ३२०० च्या पट्टीला तिथे १६०० च्या आसपास दिसणार, २६६६ ला १३३३. दोननं गुणा आणि मग ताडा. टास्क मॅनेजर पूर्वीपासून दुप्पट आकडाच दाखवत आला, पण त्यापुढे मेगाहर्ट्झ लिहीत होता, त्यामुळे गोंधळात भर पडली. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत तिथे सेकंदाला किती मेगाट्रान्सफर असं योग्य एकक आलं आहे.

लेबलवर तिसराच आकडा असू शकतो. पीसी३-१२८०० मधला १२८०० हा सेकंदाला मेगाबाइटमधला प्रवाह आहे. त्याला ८ नं भागलं की १६०० येतात. याच हिशेबानं १९२०० म्हणजे २४००, २१३०० म्हणजे २६६६ आणि २५६०० म्हणजे ३२००.

दोननं गुणूनही आकडा कमी भरला तर? तरीही फसवणूक ठरत नाही. प्रोसेसर झेपेल तेवढ्याच वेगानं रॅम चालवतो. इंटेलच्या आय५-८२५०यू ची डीडीआर४ ची मर्यादा २४०० आहे. त्यात ३२०० ची पट्टी घातली तरी ती २४०० नंच चालेल. दोन वेगळ्या वेगांच्या पट्ट्या एकत्र लावल्या तर दोन्ही मंद पट्टीच्या चालीनं चालतात. डेस्कटॉपवर ३६०० ची महागडी पट्टी २१३३ किंवा २६६६ दाखवत असेल तर बायोसमध्ये एक्सएमपी (पट्टी तिच्या छापील वेगानं चालवणारं प्रोफाइल) बंद आहे. एएमडीच्या डीडीआर५ बोर्डांवर याच जागी एक्सपो असं नाव दिसतं. तिथे जाऊन प्रोफाइल चालू करा. पॉवरशेलमध्ये ‘स्पीड’ आणि ‘कॉन्फिगर्डक्लॉकस्पीड’ असे दोन रकाने यासाठीच आहेत: पहिला पट्टीची कुवत, दुसरा सध्याची चाल. पट्टी खरंच खोटी आहे का, हे एसपीडी टॅबमधल्या ‘मॅक्स बँडविड्थ’वरून आणि टायमिंगच्या तक्त्यावरून कळतं. चालू वेगावरून ते कधीच कळत नाही.

‘दोनपैकी एक स्लॉट वापरात, म्हणजे एक रिकामा’

डेस्कटॉपवर हे बहुधा खरं निघतं. लॅपटॉपवर यावर पैसे लावू नका. स्लॉटची संख्या बायोसच्या तक्त्यातून येते आणि तो तक्ता बोर्डावर खरोखर किती खाचा आहेत हे मोजून केलेला नसतो. चार स्लॉट नोंदलेले आणि बोर्डावर दोनच, असे लॅपटॉप आहेत. उलट, बोर्डावर डाग देऊन पक्की केलेली रॅमही तक्त्यात स्लॉट म्हणूनच येते. ‘दोनपैकी दोन’ दिसतं तेव्हा त्यातली एक पक्की असू शकते आणि दुसरीच बदलता येते.

टास्क मॅनेजरमध्ये फॉर्म फॅक्टरपुढे ‘रो ऑफ चिप्स’ असेल किंवा स्लॉट ‘आठपैकी आठ’ असतील तर रॅम पक्की आहे असं धरून चला. एलपीडीडीआर या कमी वीज खाणाऱ्या जातीची रॅम पातळ लॅपटॉपांत जवळजवळ नेहमी अशीच असते. आणखी एक खूण पार्ट नंबरात सापडते. सॅमसंगच्या सुट्या चिपचं नाव के४ नं सुरू होतं आणि पट्टीचं एम४ किंवा एम३ नं. पार्ट नंबर के४ नं सुरू झाला तर ती चिप बोर्डावरच आहे असं समजा. अशा रॅमसाठी सीपीयू-झेडचा एसपीडी टॅब पुष्कळदा कोरा असतो, कारण तिथे वाचायला एसपीडीची वेगळी चिपच नसते. कोरा टॅब हा बिघाड नव्हे.

कमाल क्षमतेचा आकडाही याच तक्त्यातला, म्हणून तोही तितक्याच सावधपणे घ्या. लॅपटॉपच्या नेमक्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल आणि प्रोसेसरचं अधिकृत पान या दोन ठिकाणचं उत्तर धरा.

‘डीडीआर३ दिसलं, डीडीआर३ आणली’

या एका वाक्यानं सर्वाधिक पैसे वाया जातात. डीडीआर३ १.५ व्होल्टवर चालते, डीडीआर३एल १.३५ वर. लॅपटॉपात दोन्ही पट्ट्या २०४ पिनांच्या, खाचही एकाच जागी, त्यामुळे चुकीची पट्टीही अगदी नीट बसते. आणि एसएमबायोसच्या तक्त्यात डीडीआर३एलला वेगळा क्रमांकच नाही, दोन्ही २४. चौथ्या-पाचव्या पिढीच्या इंटेल लॅपटॉपांना १.३५ व्होल्टचीच लागते. त्यात नुसत्या १.५ ची पट्टी घातली तर पडदा काळाच राहतो किंवा यंत्र मध्येच अडकतं. उलट दिशेनं चालतं: एलची पट्टी १.५ व्होल्टवरही चालते. म्हणून शंका असेल तिथे एलच घ्या. सीपीयू-झेडच्या एसपीडी टॅबमध्ये तक्त्याच्या तळाशी व्होल्टेजची ओळ असते, ती वाचा. पट्टीच्या लेबलवर पीसी३एल असं लिहिलेलं असतं.

जुन्या डेस्कटॉपवर आणखी एक अडचण आहे, जी कोणतंही सॉफ्टवेअर खरेदीपूर्वी सांगू शकत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या जुन्या सामानाच्या बाजारांत जी४१ या इंटेलच्या जुन्या चिपसेटचे (प्रोसेसर आणि रॅम जोडणाऱ्या चिपांचे) बोर्ड अजून विकले जातात. या चिपसेटला प्रत्येकी २ गिगाबिटपर्यंतच्याच मेमरी चिपा कळतात. म्हणजे ४ जीबीची पट्टी सोळा चिपांची असेल तर चालेल आणि आठ चिपांची असेल तर चालणार नाही, कारण त्या आठ चिपा ४ गिगाबिटच्या असतात. क्षमता तीच, वेग तोच, नावही तेच. इथे पट्टी हातात घेऊन दोन्ही बाजूंच्या चिपा मोजणं हाच उपाय.

‘ड्युअल दिसतं, म्हणजे दोन पट्ट्या आहेत’

डीडीआर४ पर्यंत हे ठीक होतं. डीडीआर५ ची एकच पट्टी आतून ३२ बिटांच्या दोन उपमार्गांत विभागलेली असते, म्हणून सीपीयू-झेड एका पट्टीलाही ‘२ गुणिले ३२ बिट’ दाखवतो. दोन पट्ट्या असतील तर तिथे ४ गुणिले ३२ दिसतं. पॉवरशेलच्या उत्तरात किती नोंदी आल्या ते मोजलं की शंका फिटते.

‘मेमरी कमी दिसते, मॅक्सिमम मेमरीवर टिक करा’

करू नका. तो पर्याय मेमरी मोकळी करण्यासाठी नाहीच, तो मेमरीवर मर्यादा घालतो. कमी मेमरीत प्रोग्रॅम कसा चालतो हे तपासणाऱ्यांसाठी तो ठेवलेला आहे. टिक नसताना शेजारी शून्य दिसतो, तो पाहून लोकांना वाटतं की मर्यादा शून्य लागली आहे. टिक काढलेली असणं हीच योग्य स्थिती. कुणी तिथे फार छोटा आकडा घातला आणि विंडोज सुरूच होईना, तर रिकव्हरीच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये बीसीडीएडिटनं ‘ट्रंकेटमेमरी’ ही नोंद पुसावी लागते.

८ जीबीपैकी ७.८ वापरण्याजोगी दिसत असेल तर काहीच बिघडलेलं नाही. एएमडीच्या प्रोसेसरातले ग्राफिक्स २ जीबी राखून ठेवतात, तेव्हा ५.९ च्या आसपास दिसते. बायोसमध्ये ग्राफिक्सच्या मेमरीचा पर्याय असेल तर तो आकडा कमी करता येतो. ३२ बिटांचं विंडोज असेल तर ४ जीबीतली सव्वातीन ते साडेतीनच वापरता येते, तिथे ६४ बिटांचं विंडोज टाकणं हाच उपाय. मात्र १६ बसवलेली आणि ८ च वापरात, बाकी ‘हार्डवेअर रिझर्व्ह्ड’ असं असेल तर आधी एमएसकॉन्फिगची टिक काढा, मग पट्ट्या काढून पितळी दिसणाऱ्या पिना खोडरबरानं हलक्या हातानं पुसा, चुरा झटका आणि पुन्हा नीट दाबून बसवा. मग एकेक पट्टी एकेका स्लॉटात घालून पाहा. पट्टी कुठलीही घातली तरी एकच स्लॉट मुका राहत असेल तर दोष स्लॉटात किंवा प्रोसेसरच्या सॉकेटमधल्या वाकलेल्या पिनेत आहे.

एवढं झाल्यावर झाकण उघडायचं असेल तर यंत्र पूर्ण बंद करा, चार्जर काढा, आतली बॅटरी बोर्डापासून सोडवा आणि एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. दोन्ही बाजूंच्या कड्या बाहेर ढकलल्या की पट्टी तिरकी वर येते. लेबलचा फोटो काढा आणि एसपीडीशी ताडा. नवी डीडीआर५ पट्टी घातल्यावर पहिल्यांदा सुरू करताना पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो, बायोस तेव्हा रॅमची जुळवणी करत असतो. त्या वेळात वीज तोडू नका. नंतर पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६प्लस हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावा आणि निदान एक फेरी पूर्ण होऊ द्या. त्यात एक जरी चूक निघाली तरी ती पट्टी त्याच दिवशी परत करा.