निपाणीच्या काकांना: लसूण, उंबरा आणि 'नाळे बा'

काका, नमस्कार.

'द लॉस्ट बॉईज' या व्हॅम्पायरच्या, म्हणजे रक्तपिपासू भुतांच्या, इंग्रजी सिनेमावरच्या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा लागली, लपवत नाही. तुमचं म्हणणं असं की भुताच्या सिनेमात हसू आलं की भीती मेली, वर पोरापोरींचं प्रेम घुसडलं की उरलंसुरलंही गेलं. आणि आपला वेताळ असताना हे परदेशी रक्तपिपासू मी कशाला डोक्यावर घेतोय? शिवाय एक चूकही काढलीत.

ती चूक आधी कबूल करतो. ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला' कादंबरीत तो व्हॅम्पायर उन्हानं मरतो असं मी ठोकून दिलं होतं. १८९७ च्या त्या पुस्तकात तो दिवसाढवळ्या लंडनमध्ये हिंडतो, फक्त त्याची जादू दिवसा चालत नाही. ऊन लागून विरून जाणं आलं १९२२ च्या 'नोस्फेरातू' या जर्मन मूकपटातून. लेखात दुरुस्ती केली आहे.

वेताळाचं खरं वेगळं आहे. (आमच्याकडचं 'खरं', म्हणजे 'पण'. तुम्हाला सांगायला नको.) वेताळपंचविशीतला वेताळ कोडी घालतो. घाट उतरून कोकणात आरवलीला गेलात तर तिथल्या वेतोबाला, म्हणजे वेताळालाच, लोक हातभर लांब चामडी वहाणा वाहतात. रात्री गावाची राखण करून त्या झिजतात म्हणे. अशा देवाला 'आत येऊ काय?' विचारायची गरज काय! व्हॅम्पायरला ती आहे. घरातल्या कुणी बोलावल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही.

१९८७ च्या 'द लॉस्ट बॉईज'मध्ये दोन भावांच्या आईला आवडलेला मॅक्स घरी जेवायला येतो आणि दारातच थांबतो. थोरल्या पोराला, मायकलला, म्हणतो, घरातला कर्ता तू, तू बोलावलंस तरच येतो. थोरला आत घेतो. मग धाकटा आणि त्याचे दोन दोस्त याची परीक्षा बघतात. चीज म्हणून किसलेला लसूण वाढतात, तोंडासमोर आरसा धरतात, पवित्र पाणी सांडतात. मॅक्सला काही होत नाही. पोरं खजील, आई लाल. लसणाची चटणी रोज खाणाऱ्या आपल्यासारख्याला तर जास्तच हसू येतं. पुढं कळतं की मॅक्स व्हॅम्पायरच, आणि यजमानानं बोलावलं की सगळे उपाय फुकट. जिथं पोट धरून हसलो, तिथंच पोटात गोळा. भीती मेली कुठं, काका? ती पाहुणी होऊन आत बसली होती.

हे मला पटतं त्याला कारण बेळगावच्या शहापुरातलं आमचं दार. नव्वदच्या दशकात 'नाळे बा'ची अफवा कर्नाटकात पसरली होती, तुम्हालाही आठवत असेल. रात्री भूत घरच्याच माणसाच्या आवाजात हाक मारतं, दार उघडलं की संपलं. उपाय एकच, दारावर 'नाळे बा', म्हणजे कन्नडमध्ये 'उद्या ये', लिहायचं. भूत वाचतं, परत जातं, दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा तेच वाचतं. शेजारच्या अक्कांनी खडूनं आम्हाला कन्नडमध्ये लिहून दिलं. बाबा म्हणाले, मराठी घरावर येणाऱ्या भुताला कन्नड कळणार कसं? आजी म्हणाली, "कुठल्या भाषेचं हाय कुणास ठाऊक, दोन्ही लिही." तेव्हा पाट्यांवर साठ टक्के कन्नड हवं हा कायदा नव्हता, तरी कन्नड वर आणि मोठं, मराठी 'उद्या ये' खाली, पाऊस लागून 'उ' गेलेला.

ताई तेव्हा सतरा वर्षांची. एका संध्याकाळी तिच्या वर्गातला मुलगा वही परत करायला आला, दार वाचलं आणि कडी न वाजवता निघून गेला. दुसऱ्या दिवशी कॉलेजात म्हणाला, "तुमच्यात उद्या या म्हणून लिहिलंय की." ताई आठवडाभर स्वतःशीच हसत होती. आणि रात्री मोरीत जाताना मला सोबत नेत होती. दोन्ही एकदमच.

सिनेमातल्या प्रेमाचं म्हणाल तर तिथं मी हरलो. मायकल आणि टोळक्यातल्या स्टार या पोरीची जोडी कच्ची आहे, दोघांत बोलणंच फारसं नाही. एवढंच म्हणेन की पोरगीच्या मागं जाऊन तिच्या व्हॅम्पायर टोळक्यानं पुढं केलेली बाटली दारू समजून पिणं आणि ते रक्त निघणं, हे त्या वयाला शोभतं. पुढं तो दिवसभर झोपतो, घरात काळा चष्मा लावून बसतो, रात्र झाली की गायब. आईला वाटतं, वयच तसलं. माझ्या घरी सध्या असला एक आहे. लसूण खातो, म्हणून गप्प आहे.

वेताळावर लिहा म्हणालात, ते डोक्यात आहे. खानापूरकडच्या गोष्टी तुमच्याकडं असतील तर ऐकायला येतो. नाहीतर तुम्हीच बेळगावला या. वहीवाले ते आता आमचे दाजी, त्यांनाही बोलावतो. त्यांना दारात थांबायची सवय आहे, तुम्ही मात्र सरळ आत या.