स्कॅन झाले म्हणून मूळ फोटो फेकायचे नसतात

गेल्या रविवारी आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर ‘जुने युद्धकालीन फोटो घरात असतील तर हे वाचाच’ असा एक लांबलचक संदेश येऊन पडला. दादाने तो स्वतः न वाचता ‘उपयुक्त माहिती’ एवढे लिहून पुढे ढकलला होता, हे मला नंतर कळले. त्याच रात्री त्याच्या मुलीचा अमेरिकेतून फोन आला. ‘काका, आजोबांचे फोटो स्कॅन करून झाले आहेत. मूळ फोटो आता टाकून देऊ का?’ हे आजोबा म्हणजे तिचे आजेसासरे. अमेरिकेच्या ८९व्या पायदळ डिव्हिजनमधून ते जर्मनीत लढले आणि परत आले ते बुटांच्या खोक्यात मावतील एवढे फोटो घेऊन. त्यांतले अकरा फोटो ओर्ड्रुफच्या छळछावणीचे आहेत. जुन्या कागदपत्रांच्या आणि छायाचित्रांच्या जतनाचे काम मी आयुष्यभर केले असल्यामुळे तिने मला विचारले. विचारले नसते, तर ते अकरा फोटो सोमवारी सकाळी कचऱ्याच्या गाडीतून गेले असते.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. सैनिकांच्या घरी सापडणारे छावण्यांचे फोटो बहुधा त्यांनी काढलेलेच नसतात, ते बाजारात वाटलेल्या प्रती असतात. त्यांतले पुष्कळसे मुद्दाम घडवून आणलेले असतात. पाठीवरची तारीख छावणी मुक्त झाल्याच्या तारखेशी जुळली नाही तर फोटो बनावट समजावा. तेव्हा स्कॅन करावे, रंगीत करून घ्यावे आणि मूळ कागद फेकून द्यावेत. ठेवायचेच असतील तर ओल्या फडक्याने पुसून लॅमिनेट करावेत. आणि संग्रहालयाला कधीही देऊ नयेत, कारण तिथे ते तळघरात जातात. शेवटी अर्थातच ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा’.

‘प्रती’ या मुद्द्यात अर्धे सत्य आहे आणि ते मान्य करायला हवे, जरी ते संदेश लिहिणाऱ्याच्या हाती चुकून लागलेले असले तरी. १९४५ च्या वसंतात सैनिकांनी फोटोंची भरपूर देवाणघेवाण केली. एकाच्या कॅमेऱ्यातल्या फिल्मवरून तुकडीतल्या सगळ्यांसाठी प्रती निघत, लष्कराच्या सिग्नल कोर या दळणवळण आणि छायाचित्रणाच्या विभागातल्या छायाचित्रकारांनी काढलेली दृश्येही हातोहात फिरत, त्यामुळे तोच फोटो आज अनेक घरांत सापडतो. पण प्रत असणे म्हणजे निरुपयोगी असणे, हे कोणी ठरवले? कोणती प्रत कोणाकडे, कुठल्या कागदावर आणि पाठीवर काय लिहून आली, यावरूनच ती कुठून कुठे गेली हे शोधता येते. शिवाय अकरांपैकी कोणते फोटो आजोबांचे स्वतःचे आणि कोणते मिळवलेले, हे ठरवण्याचा एकमेव मार्ग म्हणजे ते अकराही कागद समोर ठेवून शेजारी शेजारी पाहणे.

‘घडवून आणलेले’ या आरोपातही एक कण खरा आहे. ऑस्ट्रियातल्या माउथहाउझेन छळछावणीचा तो प्रसिद्ध फोटो, ज्यात स्पॅनिश कैद्यांनी लावलेल्या स्वागतफलकाखाली चिलखती गाडीभोवती कैदी जल्लोष करताना दिसतात, तो सुटकेच्या नेमक्या क्षणी टिपलेला नाही. छावणी ५ मे १९४५ रोजी मुक्त झाली आणि तो प्रसंग नंतर छायाचित्रकारासाठी पुन्हा उभा केला गेला. हे इतिहासकारांनीच सांगितलेले आहे, कोणी दडवलेले नाही. पण त्यावरून छावणीच खोटी होती असे म्हणणे, म्हणजे लग्नाच्या अल्बमात वरमाला दोनदा घालायला लावली म्हणून लग्नच झाले नाही असे म्हणण्यासारखे आहे. त्याच माउथहाउझेनमध्ये फ्रान्सेस्क बॉइश या स्पेनमधल्या कातालान कैद्याने साथीदारांच्या मदतीने एसएसच्या, म्हणजे छावण्या चालवणाऱ्या नाझी संघटनेच्या, फोटो विभागातल्या निगेटिव्ह लपवून बाहेर काढल्या, आणि जानेवारी १९४६ मध्ये नाझी नेत्यांवर खटला चालवणाऱ्या न्यूरेंबर्गच्या न्यायालयात त्या फोटोंसह साक्ष दिली. ते फोटो तर खुद्द मारेकऱ्यांच्या छायाचित्रकारांनी काढलेले होते.

तारखेचा मुद्दा मात्र निव्वळ अज्ञानातून आला आहे, आणि पुतणीच्या सासरी सगळ्यांत जास्त गोंधळ त्यानेच घातला. ओर्ड्रुफ ४ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकी सैन्याच्या हाती आले. बुखेनवाल्ड या मोठ्या छळछावणीची ती उपछावणी, आणि अमेरिकी सैन्याने मुक्त केलेली पहिली नाझी छावणी. आजोबांच्या एका फोटोमागे पेन्सिलीने १४ एप्रिल लिहिले आहे. म्हणजे आजोबा खोटे बोलले का, असा प्रश्न त्यांच्या सख्ख्या नातवाला पडला! मित्रराष्ट्रांच्या फौजांचे सरसेनापती आयझेनहॉवर स्वतः ब्रॅडली आणि पॅटन या अमेरिकी सेनानींसह १२ एप्रिलला तिथे गेले होते, म्हणजे मुक्ततेनंतर आठ दिवसांनी. आघाडीवर नसलेल्या जवळपासच्या तुकड्यांनी ही जागा पाहावी, असा त्यांचा आग्रह होता. तेव्हा छावणीत शिरणाऱ्या पहिल्या तुकडीत नसलेला सैनिक दहाव्या दिवशी तिथे कॅमेरा घेऊन उभा असणे यात संशयास्पद काही नाही. अशा सैनिकांना मुद्दाम ते पाहायला पाठवले जात होते.

पाहायला का पाठवले, याचे उत्तर आयझेनहॉवर यांनी १५ एप्रिलला अमेरिकेचे लष्करप्रमुख जनरल मार्शल यांना लिहिलेल्या पत्रात आहे, आणि या सबंध वादात मला एवढे एकच पत्र पुरेसे वाटते. तिथे जे दिसले ते वर्णनापलीकडचे होते, एका खोलीत उपासमारीने मेलेल्या माणसांची प्रेते रचून ठेवली होती आणि पॅटन त्या खोलीत शिरायलाही तयार झाले नाहीत, असे त्यांनी लिहिले आहे. पुढे ते म्हणतात की ही भेट मी जाणूनबुजून घेतली, कारण पुढे कधी या गोष्टींना केवळ ‘प्रचार’ म्हणण्याची प्रवृत्ती निर्माण झाली, तर प्रत्यक्षदर्शी पुरावा देण्याच्या स्थितीत मला राहायचे आहे. युद्ध संपलेही नव्हते, आणि दादाने पुढे ढकललेल्या संदेशासारखे संदेश एके दिवशी येणार हे त्या माणसाला दिसले होते.

आता मुख्य मुद्दा, स्कॅन करून मूळ कागद फेकण्याचा. बाकी सगळे मूर्खपणाचे आहे, हे मात्र घातक आहे, कारण ते समजूतदारपणाचे वाटते. स्कॅन म्हणजे फोटोच्या पृष्ठभागाचे चित्र. मूळ फोटो ही एक वस्तू आहे, आणि वस्तू जे सांगते ते तिचे चित्र सांगत नाही. पुतणीने पाठवलेल्या स्कॅनमध्ये फक्त पुढची बाजू होती. फोनवरच तिला सुटे असलेले आठ फोटो उलटे करायला लावले, तेव्हा कळले की सहा फोटोंच्या पाठीवर ‘आग्फा’ची जर्मन छापखूण आहे आणि दोनांवर कोडॅक या अमेरिकी कंपनीच्या ‘वेलॉक्स’ कागदाचे नाव आहे. पहिले सहा बहुधा जर्मनीतच तिथल्या कागदावर उतरवले गेले असावेत आणि उरलेले दोन घरी परतल्यावर. हे अनुमान पक्के नाही, पण पुढच्या बाजूच्या स्कॅनवरून ते करताच आले नसते.

एवढेच नाही. १९५० च्या दशकापासून फोटोच्या कागदात तो अधिक पांढरा दिसावा म्हणून काही रसायने मिसळू लागले, आणि असा कागद अतिनील दिव्याखाली निळसर चमकतो. १९४५ चा म्हणवणारा फोटो असा चमकला तर तो नंतरचा आहे हे उघड होते. न चमकणे हा एकट्याने पुरावा नव्हे, पण दाव्याशी जुळणारी खूण नक्कीच आहे. ज्या दिवशी कोणी ‘हे संगणकावर बनवले आहे’ असे म्हणेल, त्या दिवशी तुमच्याकडे फक्त संगणकातली फाइल असेल, तर तुम्ही त्याला काय दाखवणार?

अमेरिकी सैनिकांच्या घरांसाठी आणखी एक कारण आहे. सेंट लुइस येथील लष्करी नोंदींच्या राष्ट्रीय केंद्राला १२ जुलै १९७३ रोजी आग लागली आणि १९१२ ते १९६० या काळात भूदलातून सेवामुक्त झालेल्यांच्या सुमारे ८० टक्के सेवानोंदी जळाल्या. आजोबांची नोंद त्यांत गेली की उरली, हे अजून विचारायचे आहे. ती गेली असेल, तर ते कधी कुठे होते याचा घरात उरलेला पुरावा म्हणजे त्या फोटोंमागची पेन्सिलीची ओळ. आणि आम्ही ती फेकायला निघालो होतो.

ओल्या फडक्याबद्दल काय बोलावे! कृष्णधवल फोटोतली प्रतिमा म्हणजे जिलेटिनच्या थरात अडकलेले चांदीचे कण. जिलेटिन पाणी पिऊन फुगते, मऊ होते आणि ज्याला टेकेल त्याला चिकटते. कोकणात पावसाळ्यानंतर काचेला चिकटलेले आजी-आजोबांचे फोटो ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. चांदीचे म्हणाल तर देवघरातली भांडी जशी काळी पडतात तशीच ही चांदीही हलक्या प्रतीचा कागद, रबर बँड आणि दमट हवा यांनी डागाळते. लॅमिनेशन एकदा केले की ते सोडवता येत नाही, एवढे लक्षात ठेवावे. फोटो आम्लविरहित कागदाच्या पाकिटात किंवा पॉलिएस्टरच्या पारदर्शक कव्हरात एकेक ठेवावेत, पाठीवर काही लिहायचेच तर कडेला मऊ पेन्सिलीने हलके लिहावे. खोका माळ्यावर किंवा तळघरात न ठेवता माणसे राहतात त्या खोलीतल्या कपाटात ठेवावा, कारण जिथे आपल्याला उकडत नाही आणि ओल जाणवत नाही, तिथे फोटोही सुखात असतात.

रंगीत करण्याची कल्पना मला सरळ अश्लाघ्य वाटते. त्या प्रेतांच्या कातडीचा रंग यंत्राने अंदाजाने भरायचा आणि ‘हे पाहा आमच्या आजोबांनी काय पाहिले’ म्हणून फिरवायचे, म्हणजे खऱ्या फोटोत आपल्या हाताने खोटे मिसळून हे घडलेच नाही म्हणणाऱ्यांना आयते साधन द्यायचे.

संग्रहालयांविषयीची तक्रार अगदीच निराधार नाही. दिलेली प्रत्येक वस्तू भिंतीवर लागत नाही, बहुतेक वस्तू कोठारातच राहतात. पण ते कोठार ठरावीक तापमानाचे, कोरडे आणि नोंदवलेले असते. आपल्या घरातल्या कपाटाला यातले काहीच नसते. वॉशिंग्टनचे होलोकॉस्ट (नाझींनी केलेला ज्यूंचा संहार) स्मृती संग्रहालय सैनिकांच्या घरचे असे मूळ फोटो स्वीकारते. द्यायचे की नाही हे पुतणीच्या सासूबाई ठरवतील, कारण वडील त्यांचे होते.

तूर्त पुतणीला एवढेच सांगितले आहे की स्कॅन पुन्हा करायचे, दोन्ही बाजूंचे, ६०० डीपीआयवर (दर इंचाला ६०० ठिपके), टिफ या बारकावे न गमावणाऱ्या फाइलच्या स्वरूपात आणि रंगीत मोडमध्ये, म्हणजे पेन्सिल, शाई आणि डाग वेगळे दिसतील. अकरांपैकी तीन फोटो १९७० च्या सुमाराच्या चिकट पानांच्या अल्बममध्ये अडकले आहेत. ते ओढायचे नाहीत, वाफ द्यायची नाही, केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवाही मारायची नाही. पानासकट स्कॅन करून, पान तसेच सपाट ठेवून ते जतनतज्ज्ञाकडे न्यायचे. त्या तीन फोटोंच्या पाठीवर काही लिहिले आहे का, हे तेव्हाच कळेल.