टॉर्चमधला लिथियम सेल आणि चार्जिंगची पिन

नमस्कार काका,

उत्तराला चार दिवस लागले, कारण तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर आधी गावी फोन करावा लागला. तो का, ते पुढे सांगतो.

तुम्ही तीस वर्षं वायरमनचं काम केलंत आणि जुन्या टॉर्चचा उजेड कसा वाढवायचा या माझ्या लेखावर तीन आक्षेप घेतलेत. दीडशे रुपयांच्या चार्जिंगच्या टॉर्चमध्ये लिथियम सेल टाका असं सांगणं म्हणजे लोकांच्या घरात आग ठेवणं, हा पहिला. जास्त व्होल्ट दिले की बल्ब जास्त पेटतो, यात सांगण्यासारखं काय, हा दुसरा. आणि पाचशेत चांगली टॉर्च मिळत असताना हा खटाटोप कशाला, हा तिसरा. पहिल्यात तुमचं बरोबर आहे आणि माझं चुकलं.

(आमच्याकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात. घोळ नको म्हणून इथे वस्तूला टॉर्चच म्हणतो, आणि आत बसतो तो सेल किंवा लेड-ॲसिड म्हणजे शिशाची बॅटरी.)

ती आठवडी बाजारातली प्लॅस्टिकची टॉर्च तुम्ही शेकड्यांनी उघडली असेल. आत चार व्होल्टची चौकोनी लेड-ॲसिड बॅटरी, बुडाशी सरकवून बाहेर काढायच्या दोन पिना. त्या पिनांमागे ट्रान्सफॉर्मर नसतो. करंट आवरणारा एक चपटा कपॅसिटर, त्यावर १०५ आणि ४०० व्होल्ट छापलेलं, आणि पुढे एसीचं डीसी करणारे चार डायोड. १०५ म्हणजे एक मायक्रोफॅरड. २३० व्होल्टवर त्यातून साधारण ७० मिलिअँपिअर जातात आणि जातच राहतात. सेल भरला, आता थांबा, असं सांगणारं त्या सर्किटच्या पट्टीवर काहीच नसतं. लेड-ॲसिड ते सोसते. ती ४.८ व्होल्टपर्यंत चढते, आतलं पाणी उडत राहतं, आणि वर्षभरात ती फुगून जाते. लिथियम सेलला मात्र ४.२ व्होल्टला थांबवावंच लागतं. त्यावर चढत गेला तर तो तापतो, पेटही घेऊ शकतो.

आणि मी लिहिलं होतं, ‘चार्जिंगची पिन आहे तशीच राहू द्या.’ ते वाक्य चुकीचं होतं. लेखातून काढलं आहे, आणि का काढलं ते वरच ठळक अक्षरात लिहिलं आहे.

फोन त्यासाठीच केला. माझ्या चुलतभावाकडे मी करून दिलेली अशीच एक टॉर्च होती. शेतीची लाइट रात्रीची असली की तो त्याच टॉर्चवर दारं धरायला, म्हणजे उसाला पाणी द्यायला जातो. शनिवारी गावी गेलो, टॉर्च उघडली, सेलवर मल्टिमीटर लावला. रात्रभर चार्जिंगला लावून सकाळी काढलेली होती. मीटरवर ४.३१ आले. सेल फुगला नव्हता, गरमही नव्हता, पण तो मी परत वापरला नाही.

आता तुम्हाला न पटणारं सांगतो. दोष पिनेचा आहे, सेलचा नाही. पिनेचं सर्किट काढून टाकून तिथे टीपी ४०५६ या चार्जिंगच्या चिपची छोटी पट्टी बसवली, तर मोबाइलच्या पाच व्होल्टच्या चार्जरवर तोच सेल ४.२ ला बिनचूक थांबतो. फक्त पट्टी बघून घ्यायची. जिच्यावर सेलसाठी दोन आणि आउटसाठी (टॉर्चकडे जाणाऱ्या वायरींसाठी) वेगळे दोन टाके, म्हणजे सोल्डर करायच्या जागा आहेत तीच घ्यायची, कारण सेल फार उतरला तरी ती तोडते. आउटचे टाके नसलेली पट्टी तेवढं काम करत नाही. शिवाय २३० व्होल्ट टॉर्चमधून कायमचे हद्दपार होतात. पिनेवर चार्जिंगला लावलेली टॉर्च उघडून हात लावला तर काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

सेलबद्दल तुमची शंका रास्त आहे. या लिथियम सेलचा १८६५० हा आकार म्हणजे १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी. त्यात साडेतीन हजार मिलिअँपिअर-तासांच्या फार पुढे कुणीच जात नाही. त्यामुळे ९९०० छापलेला सेल दिसला की तो तिथेच ठेवायचा. अस्सल सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, नकली बहुतेकदा हातात घेतला तरी हलका लागतो. आणि सेलला थेट डाग (सोल्डर) द्यायचा नाही, होल्डर वापरायचा.

दुसऱ्या आक्षेपावर थोडंच बोलतो. व्होल्ट वाढले की बल्ब जास्त पेटतो हे खरं, पण किती, यातच सगळी गंमत आहे. तारेच्या बल्बला दहा टक्के व्होल्ट जास्त दिले तर उजेड सुमारे अडतीस टक्क्यांनी वाढतो आणि आयुष्य एक तृतीयांशाच्याही खाली येतं. माझ्या जुन्या दोन सेलच्या टॉर्चमध्ये बल्बवर २.३० व्होल्ट मिळत होते. सेल बदलले नाहीत, बल्ब बदलला नाही. बुडाची लोखंडी स्प्रिंग घासली आणि तिच्या पोटातून तांब्याची जाळीदार वायर डागून घेतली. २.४५ झाले. म्हणजे उजेड जवळजवळ सव्वापट, तोही स्प्रिंगमध्ये वाया जात होता तो. लिथियम सेलच्या टॉर्चबद्दल लेखात मी ‘तिप्पट उजेड’ लिहिलं, त्यावर तुम्ही हसलात. मोजमापाने उजेड तिप्पट झाला तरी डोळ्याला तेवढा वाटत नाही, आणि दुप्पट लांबचं तितकंच स्पष्ट दिसायला उजेड चौपट लागतो. हे लेखात आधीच यायला हवं होतं.

राहिला खटाटोप. काका, फेकल्या जाणाऱ्या त्या टॉर्चमध्ये स्विच, काच, परावर्तक सगळं धड असतं. मेलेली असते ती शिशाची बॅटरी, आणि ती बांधावर नाहीतर ओढ्यात जाते. भावाच्या टॉर्चमध्ये अर्ध्या वॉटचा एलईडी काढून एक वॉटचा टाकला. त्याला लागतात तेवढेच ३५० मिलिअँपिअर देणारी ७१३५ ची चकती लावली, आणि एलईडी ॲल्युमिनियमच्या जाड पत्र्यावर उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावून बसवला, कारण प्लॅस्टिक उष्णता बाहेर काढत नाही. २६०० चा सेल सहा-सात तास पुरतो. रात्री दोनला उसाच्या सरीत पाय टाकताना मण्यार पावलाच्या आधी दिसली पाहिजे. नवी टॉर्च घेणाऱ्याला माझं काहीच म्हणणं नाही, पण भावाच्या घरात ही धरून अशा तीन मेलेल्या टॉर्च पडून होत्या.

तुम्ही लिहिलंत, ‘पिन राहिली तर कुणीतरी सवयीने लावणारच.’ हे वाक्य मनात राहिलं. रविवारी तिन्ही टॉर्चच्या पिना मुळापासून कापल्या, मागचा कपॅसिटर उपटून काढला आणि भोकं एम-सीलने बुजवली. चौथी टॉर्च भावाच्या मेव्हण्याकडे आहे. ती या आठवड्यात आणायला सांगितली आहे, आणि तोवर चार्जिंगला लावायची नाही हे त्याच्या बायकोलाही फोनवर सांगितलं आहे.