काम असलं म्हणजे गरिबी नाही, हा मेसेज चुकीचाय

सध्या सोलापुरातल्या बऱ्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की सरकारी आकड्यांत बेरोजगारी कमी झालीय म्हणजे आता गरीब फक्त तेच जे काम करत नाहीत. हे साफ चुकीचंय.

सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात आठवड्याचा हिशोब लावताना, मागच्या 7 दिवसांत कुठल्याही एका दिवशी 1 तास जरी काम केलं तरी माणूस रोजगारात धरतात, आणि घरच्या धंद्यात बिनपगारी राबणारी बाईपण त्यातच येते. म्हणजे तो आकडा काम सांगतो, कमाई नाही सांगत. काम करूनही घर गरिबीरेषेखाली, अशांची आंतरराष्ट्रीय कामगार संघटना (ILO) वेगळी मोजणी करते, उगाच नाही करत.

विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, जाऊन बघा एकदा. आमच्या ओळखीच्या एक मावशी सकाळी पान भिजवून कापून सूप मांडीवर घेतात ते दिवे लागेपर्यंत मान खालीच, मजुरी हजार विड्यांवर, त्यात खराब म्हणून बाजूला काढलेल्यांचे पैसे नाहीत, पान कमी पडलं तर स्वतःच्या खिशातून आणायचं. त्यांचा मुलगा यंत्रमागावर. दोघंही कामावर, तरी महिनाअखेर किराणा उधारच! आणि कमावणारे दोन, खाणारी सहा तोंडं, हे तर बेरोजगारीच्या आकड्यात कोणी धरतच नाही.

त्यामुळं तो मेसेज पुढं पाठवू नका प्लीज, ज्यांनी पाठवलाय त्यांनी ग्रुपवर हे पण टाका.