ग्रीन कार्डवाल्या आईवडिलांसाठी फिरणारा ‘सात नियमां’चा मेसेज: यातला दुसरा नियम पाळलात तर कार्ड गेलंच

‘ग्रीन कार्ड असलेल्या ज्येष्ठ नागरिकांसाठी सात सोपे नियम, जास्तीत जास्त शेअर करा’ असा एक मेसेज सध्या मराठी व्हॉट्सअॅप गटांवर फिरतोय. खाली ‘अमेरिकेतील वकिलांनी तपासलेला’ असं लिहिलंय. वकिलाचं नाव नाही, तारीख नाही, एकाही कायद्याचा उल्लेख नाही. इतके दिवस मी तो पाहून सोडून देत होते. परवा सांगलीच्या मावशीने तोच मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘अगं, मग आम्ही दहा दिवसांचंच तिकीट काढलं तर चालेल ना?’ मावशी आणि काकांना त्यांच्या लेकीने ग्रीन कार्ड काढून दिलंय. दोघांचं मन सांगलीत रमतं, यात त्यांचं काहीच चुकत नाही. पण त्यांच्या या अडचणीवर कुणीतरी खोटा उतारा विकतोय आणि त्याची किंमत त्यांनाच मोजावी लागेल. म्हणून एकेक नियम घेते.

पहिला नियम: ‘दर सहा महिन्यांनी अमेरिकेत आठ-दहा दिवस राहून आलं की कार्ड कायम टिकतं.’

टिकत नाही. ग्रीन कार्ड हा कायम वास्तव्याचा परवाना आहे. तुमचं खरं घर अमेरिकेत आहे आणि तुम्ही बाहेर जाता ते तात्पुरते, हे त्यात गृहीत धरलेलं आहे. हजेरी लावून तो जिवंत ठेवता येत नाही. हा प्रश्न आजचा नाही, पन्नास वर्षांपूर्वीच निकालात निघालाय. १९७५ साली बोर्ड ऑफ इमिग्रेशन अपील्स या अमेरिकेतल्या इमिग्रेशनच्या अपील मंडळासमोर ‘मॅटर ऑफ केन’ हे प्रकरण आलं. जमैकाच्या एका बाईंकडे अमेरिकेच्या कायम वास्तव्याचा दर्जा होता. वर्षातले अकरा महिने त्या जमैकात राहून तिथलं आपलं लॉजिंग चालवायच्या आणि उरलेला महिनाभर अमेरिकेत यायच्या. सलग वर्षभर बाहेर राहण्याची मर्यादा त्यांनी कधी ओलांडली नव्हती. तरी बोर्डाने सांगितलं की हे ‘तात्पुरतं बाहेर जाणं’ नव्हे, यांचं घर जमैकात आहे, त्या अमेरिकेत येतात ते पाहुण्यासारख्या. बाहेर जाण्याचं कारण काय, ते कधी संपणार होतं, आणि खरं घर किंवा कामधंदा कुठे आहे, या तीन गोष्टी त्या निकालात तपासल्या गेल्या. आजही याच तपासल्या जातात. जमैकाच्या जागी सांगली आणि लॉजिंगच्या जागी स्वतःचा बंगला ठेवून पाहा. मेसेजमध्ये सांगितलेलं आयुष्य हेच आहे.

सहा महिन्यांचा आकडा मात्र हवेतून आलेला नाही, एवढं मान्य करावं लागतं. सलग १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलात, तर परत येताना कायदा तुम्हाला नव्याने प्रवेश मागणारा समजतो आणि चौकशी कडक होते. नागरिकत्वाच्या अर्जातही सहा महिन्यांपेक्षा मोठी अनुपस्थिती अडचणीची ठरते. सलग वर्षभर बाहेर राहिलात, तर परतीच्या प्रवासासाठी नुसतं कार्ड पुरत नाही. हाताशी री-एन्ट्री परमिट (जाण्याआधीच काढून ठेवायचा परतीचा परवाना) नसेल, तर दूतावासातून परतणाऱ्या रहिवाशाचा एसबी-१ व्हिसा मागावा लागतो आणि तो सहजी मिळत नाही. म्हणजे सहा महिन्यांच्या आत परतणं चांगलंच. पण त्या आत परतलात म्हणून घर अमेरिकेत आहे असं सिद्ध होत नाही. मेसेज लिहिणाऱ्याने नेमका हाच घोळ घातलाय.

दुसरा नियम वाचून माझा संयम संपला. ‘विमानतळावर अधिकाऱ्याने फॉर्म दिल्यास वाद न घालता सही करावी. मुले नंतर पुन्हा अर्ज करून कार्ड मिळवून देतात.’

हा फॉर्म कुठला, ते मेसेजमध्ये सांगितलेलं नाही. त्याचा नंबर आय-४०७. त्याच्या माथ्यावरच लिहिलेलं असतं की ही कायम वास्तव्याचा दर्जा सोडल्याची नोंद आहे. सही केली की तुम्ही आपणहून, राजीखुशीने कार्ड परत केलं असा अर्थ होतो. पुढे कोर्टात मांडायला फारसं काही उरत नाही. सही दबावाखाली झाली हे मागाहून सिद्ध करणं महाकठीण.

आता प्रसंग डोळ्यांसमोर आणा. मुंबईहून निघालेले सत्तरीचे आजी-आजोबा व्हीलचेअरवरून इमिग्रेशनच्या रांगेत येतात. झोप झालेली नाही, गुडघे सुजलेत, लेक बाहेर उभी आहे आणि आतल्या खोलीत फोन वापरू देत नाहीत. अधिकारी विचारतो, ‘कशासाठी आलात?’ आजोबा सरळ मनाने सांगतात, ‘मुलीला भेटायला.’ ‘परत कधी जाणार?’ ‘पुढच्या आठवड्यात.’ ‘घर कुठे आहे?’ ‘सांगलीला.’ एकही उत्तर खोटं नाही, पण तिन्ही उत्तरं व्हिसावर आलेल्या पाहुण्याची आहेत. मग समोर कागद सरकवला जातो आणि सही केली तर लगेच जाता येईल असं सुचवलं जातं. त्या क्षणी आजोबांना हा मेसेज आठवला तर काय होईल?

म्हणून हे नीट वाचा आणि घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवा. कार्ड सोडायचं नसेल तर आय-४०७ वर सही करायची नाही. ती सक्तीने करून घेण्याचा अधिकार कुणालाही नाही. ‘मला सही करायची नाही, मला इमिग्रेशन जजसमोर सुनावणी हवी आहे’ एवढं वाक्य म्हणायचं. इंग्रजी जमत नसेल तर ‘मराठी इंटरप्रिटर’ मागायचा, आणि तो मिळेपर्यंत न समजलेल्या कागदाला हात लावायचा नाही. अधिकारी तासन्‌तास बसवून ठेवू शकतो, कार्ड काढून घेऊ शकतो, क्वचित ताब्यातही ठेवू शकतो. हे मी लपवत नाही. पण कार्ड काढून घेतलं म्हणून दर्जा जात नाही. न्यायाधीशाचा अंतिम आदेश होईपर्यंत तुम्ही कायम रहिवासीच असता आणि त्याचा तात्पुरता पुरावा मागण्याचा हक्क तुम्हाला असतो. सुनावणीत ओझं सरकारवर असतं. तुम्ही अमेरिकेतलं घर सोडलंत हे त्यांनाच स्पष्ट, निःसंदिग्ध आणि पटेल अशा पुराव्याने दाखवावं लागतं. सही करणारा माणूस हे सगळं संरक्षण दोन मिनिटांत देऊन टाकतो.

‘मुले पुन्हा मिळवून देतात’ हेही अर्धंच. आईवडिलांसाठी अर्ज फक्त अमेरिकेचं नागरिकत्व असलेला, २१ वर्षं पूर्ण झालेला मुलगा किंवा मुलगीच करू शकते. ग्रीन कार्डवर असलेल्या मुलांना तो अधिकारच नाही. नागरिक मुलांनी पुन्हा अर्ज केला तरी फी, वैद्यकीय तपासणी, मुंबईच्या अमेरिकन वाणिज्य दूतावासातली मुलाखत हे सगळं पहिल्यापासून. नागरिकत्वासाठी मोजलेली वर्षंही शून्यावर येतात.

ज्यांना खरोखरच भारतात राहायचंय, त्यांनी कार्ड परत करण्यात काही गैर नाही. पण ते घरी बसून, मुलांशी बोलून, टपालाने आय-४०७ पाठवून करावं आणि नंतर व्हिजिटर व्हिसा मागावा. रात्रभराच्या प्रवासानंतर अनोळखी खोलीत नव्हे.

तिसरा नियम: ‘री-एन्ट्री परमिटचा अर्ज भारतातून करता येतो.’ येत नाही. आय-१३१ हा अर्ज भरताना माणूस अमेरिकेत असावाच लागतो, आणि बोटांचे ठसेही सहसा तिथेच द्यावे लागतात. परमिट जास्तीत जास्त दोन वर्षांचं असतं. त्यामुळे ‘बाहेर फार दिवस राहिलात’ एवढ्याच कारणाने कार्ड सोडलं असं धरता येत नाही, पण इतर चौकशी टळत नाही. मावशीसारख्यांच्या कामाची गोष्ट हीच आहे: अमेरिकेत या, आठ-दहा दिवसांत पळू नका, अर्ज करा, ठसे द्या, मग जा. गुडघ्याचं ऑपरेशन, आजारी भाऊ, घर विकायचंय, असं जाण्याचं कारण आणि ते कधी संपणार, याचे कागद जपून ठेवा.

चौथा नियम: ‘अमेरिकेत उत्पन्न नसेल तर टॅक्सचा संबंध नाही.’ ग्रीन कार्डधारक करापुरता अमेरिकेचा रहिवासी असतो आणि त्याचं जगभरातलं उत्पन्न मोजलं जातं. काकांची पेन्शन, बँकेतल्या एफडीचं व्याज, पुण्याच्या फ्लॅटचं भाडं, सगळं त्यात आलं. भारतात भरलेल्या कराची सवलत मिळते, त्यामुळे पुष्कळदा प्रत्यक्ष देणं थोडंच निघतं. पण रिटर्न न भरणं वेगळं आणि देणं नसणं वेगळं. भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबार नावाची वेगळी माहिती द्यावी लागते. दोन-तीन एफडींतच हा आकडा ओलांडला जातो. सगळ्यात वाईट म्हणजे कुणाच्या सांगण्यावरून ‘नॉन-रेसिडेंट’ म्हणून रिटर्न भरणं. त्याने कार्ड सोडल्याचा पुरावा तुम्ही स्वतःच सरकारला देता.

पाचवा: ‘पाच वर्षांनी नागरिकत्व आपोआप, पन्नाशीनंतर परीक्षा नाही.’ आपोआप काहीही होत नाही. एन-४०० अर्ज करावा लागतो. त्याची फी कागदी अर्जाला ७६० आणि ऑनलाइन ७१० डॉलर. पाच वर्षांपैकी किमान ३० महिने प्रत्यक्ष अमेरिकेत काढलेले असावे लागतात. मेसेजच्या हिशेबाने दहा-दहा दिवसांच्या वर्षाला दोन फेऱ्या केल्या, तर पाच वर्षांत होतात १०० दिवस. लागतात नऊशेच्या वर.

परीक्षेच्या सवलतीत थोडं तथ्य आहे. वय ५० आणि ग्रीन कार्डवर २० वर्षं, किंवा वय ५५ आणि १५ वर्षं, असं असेल तर इंग्रजीची परीक्षा माफ होते. नागरिकशास्त्राची होत नाही, ती दुभाषा घेऊन मराठीत देता येते. २० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना नवी परीक्षा लागू आहे: १२८ प्रश्नांच्या यादीतून २० विचारतात, १२ बरोबर यावे लागतात. पासष्टी ओलांडलेल्या आणि २० वर्षं कार्ड असलेल्यांना सोपी यादी मिळते. साठीत कार्ड मिळालेल्या माणसाला वयाच्या पंच्याहत्तरीपर्यंत यातलं काहीच लागू होत नाही, त्याला इंग्रजीसकट परीक्षा द्यावी लागते. स्मृतिभ्रंशासारखा आजार असेल तर परीक्षेतून सूट मागणारा, डॉक्टरांनी भरलेला एन-६४८ फॉर्म हा खरा मार्ग आहे.

सहावा: ‘लायसन्स काढताना मतदार नोंदणीही करून घ्या, ओळखपत्र म्हणून उपयोगी पडते.’ हे कुणी लिहिलं असेल त्याला काय म्हणावं कळत नाही. नोंदणीच्या अर्जावर ‘मी अमेरिकेचा नागरिक आहे’ या चौकोनात खूण करावी लागते. कार्डधारकाने ती केली तर नागरिक असल्याचा खोटा दावा होतो, आणि त्यावर देशाबाहेर काढण्याची कारवाई होऊ शकते. अमेरिकेच्या राष्ट्रीय निवडणुकीत मतदान केलं तर फेडरल गुन्हा. लायसन्सच्या खिडकीवरचा कर्मचारी घाईघाईत विचारतो आणि आपली माणसं मान हलवतात. स्पष्ट ‘नो’ म्हणा. चुकून नोंदणी झाली असेल तर एन-४०० भरायच्या आधी वकील गाठा, कारण त्या अर्जात हा प्रश्न विचारलेलाच आहे.

सातवा: ‘नागरिकत्व घेतल्यावरही भारतीय पासपोर्ट ठेवता येतो, ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्वच.’ नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे परदेशी नागरिकत्व स्वतःहून घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं, आणि भारतीय पासपोर्ट जमा करून तसा दाखला घ्यावा लागतो. ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया कार्ड) हा आजन्म व्हिसा आहे. त्यावर मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित जमीन वारसाने नावावर येऊ शकते, सातबाऱ्यावरचं नाव त्यासाठी घाईने काढून टाकायची गरज नाही. पण शेजारचं अर्धा एकर रान घ्यायचं काकांच्या डोक्यात असेल, तर तो व्यवहार ते भारतात राहत असतानाच, अमेरिकन नागरिकत्वाच्या शपथविधीच्या आधी उरकावा लागेल.