काढून घेतला की काय कुणी?

टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटाला गाडी बंद पडणं काय असतंय ते बेळगावकरालाच माहीत. गेट उघडलं, मागं हॉर्नचा नुसता कल्ला, आणि आमची २००४ ची मारुती ८०० तीनातल्या दोनच सिलिंडरवर थडथडत गप्प झाली. पावसाळ्यापासून हिचं हेच. थंड असताना मिसिंग, गरम झाली की शहाणी. एका गॅरेजवाल्यानं प्लग बदलले, कॉइल बदलली, वर म्हणाला तुम्ही पेट्रोलच खराब घालताय. त्याच्याकडं येतो नंतर.

कडेला ढकलली तर स्कूटरवरनं एक काका उतरले. मफलर, हँडलला मेथीची पिशवी. ढकलायला नाही हं, ढकलून झाल्यावर.

"बॉनेट उघडा की."

उघडलं. त्यांचा आवाजच तसला होता.

"८३ साली आली तेव्हापास्नं मारुती बघालोय मी. कार्बोरेटर साफ करा, बास."

"काका, हिला कार्बोरेटर नाही. एमपीएफआय आहे, पेट्रोल इंजेक्टरनं फवारलं जातंय."

काकांनी चष्मा वर केला, वाकून आत बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. "नाही म्हंजे? काढून घेतला की काय कुणी?"

"कंपनीनंच दिला नाही."

"दिला नाही? आणि तुम्ही तशीच घेतलात? पैसे तेवढेच घेतले असतील की!"

तोवर शेंगावाला आला. काकांनी त्याला लगेच बातमी दिली, "कार्बोरेटर इल्लंत री!" तो च्च च्च करत म्हणाला, पोलिसात द्या. मग दोघं माझ्यादेखत माझ्याबद्दल कानडीत हळहळत बसले, जसं काय मला कळतच नाही. जन्म गेला इथं माझा! जाताना काका म्हणतात, भंगारात देणार असाल तर सांगा, पाव्हणे आहेत. गाडी बंद पडल्याचं नाही, ह्या पाव्हण्यांचं अजून डोक्यात आहे.

शेवटी उद्यमबागेतल्या एका मेकॅनिकनं गाडी थंड असतानाच कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघितलं. कडेचे दोन दीडशे पीएसआयच्या वर, मधला चाळीसला अडकलेला. इंजिन तापवून परत लावलं तर मधलाही चढला. म्हणाला, पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर तापल्यावर एवढा फरक पडला नसता, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह चिकटायलाय. हेड उतरवलं. व्हॉल्व्हच्या दांडीवर काळा चिवट थर, नखानं निघेना. चांगला व्हॉल्व्ह गाईडमध्ये, म्हणजे दांडी सरकते त्या नळीत, आपल्या वजनानं खाली उतरतो, हा मध्येच थांबला, अंगठ्यानं दाबावा लागला. गाईडमध्ये रीमर फिरवला, दांडी घासली, पेस्ट लावून सीटवर बसवला, नवीन सील, नवीन हेड गॅस्केट. आता सकाळी पहिल्या सेल्फला तिन्ही सिलिंडर.

वर मलाच ऐकवलं, उभी ठेवता म्हणून चिकटतंय, फिरवत जावा. कुठं फिरवू? पावसाळ्यात ह्या खड्ड्यांतनं फिरवली तर सस्पेन्शन जातंय, नाही फिरवली तर व्हॉल्व्ह. रोड टॅक्स मात्र गाडी घेतानाच सगळा आगाऊ मोजून घेतलाय, त्यात खड्डे धरले होते का ते कोण सांगणार.

आणि तो पहिला गॅरेजवाला. त्याला म्हटलं, दोष व्हॉल्व्हचा होता, प्लग-कॉइलचे पैसे परत द्या. "लावलेला माल परत घेत नाही री." बरं, मग माझे जुने प्लग आणि कॉइल तरी द्या, चांगले होते की ते. तर म्हणतो, ते दुसऱ्या एका मारुतीला लावले.